खानदेशचे गवत आणि बल्गेरियाचा गुलाब

लग्नाच्या मांडवात आपण शिरतो, तेव्हा दाराशी उभा असलेला मुलगा आपल्या हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट लावतो, दुसरा गुलाबदाणीतून चार थेंब शिंपडतो. आपण हात नाकाशी नेतो, "वा, गुलाब!" म्हणतो आणि पुढे जाऊन बसतो. त्या अत्तरात गुलाब किती आणि गुलाबासारखे दुसरे काही किती, हे तिथे कोणी विचारत नाही. मांडवात ते विचारूही नये. पण आज आपण निवांत बसलो आहोत, तेव्हा तो प्रश्न विचारायला हरकत नाही. या प्रश्नाचा माग काढत गेले, की वाट दूर बल्गेरियात जाते आणि तिथून फिरून थेट आपल्या खानदेशातल्या डोंगरउतारावर येते. आजची गोष्ट या वाटेची आहे.

आपल्यांपैकी पुष्कळांनी रोशा गवत पाहिले असेल. नंदुरबार, शहादे, तळोदे, अक्राणी या बाजूच्या शेतकऱ्याला तर ते सांगायलाच नको. पुरुषभर उंच वाढते, पावसाळा सरता सरता तांबूस तुरे येतात आणि पान बोटांत चुरडले की गोडसर वास सुटतो. जुन्या वैद्यकग्रंथांत याला 'रोहिष' म्हटले आहे. सांधे धरले, कंबर आखडली, की आजीबाई रोशेल तेल चोळीत असत, ते याच गवताचे. यात दोन जाती ओळखतात, मोतिया आणि सोफिया. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच. पण मोतियाच्या तेलाला गुलाबाच्या जवळचा मऊ वास असतो, तर सोफियाचा वास उग्र आणि आल्याकडे झुकणारा. आपल्या गोष्टीचा नायक मोतिया.

या गवताचे शास्त्रीय नाव 'सिंबोपोगॉन मार्टिनी'. हा मार्टिनी कोण? फ्रान्समध्ये जन्मलेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात चढलेले जनरल क्लॉड मार्टिन हे ते गृहस्थ. लखनौची ला मार्टिनियर शाळा त्यांच्याच पैशातून उभी राहिली. टिपू सुलतानाशी १७९० ते १७९२ मध्ये युद्ध झाले, तेव्हा ते सैन्याबरोबर दक्षिणेत बालाघाटाच्या पठारावर होते. तिथली गुरे एका उंच गवतावर तुटून पडतात आणि ते खाल्ले की त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी बी गोळा केले, लखनौला पेरले आणि कलकत्त्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे पाठवले. रॉक्सबर्गांनी गवताला मार्टिनसाहेबांचे नाव दिले. आता पाहा, गुराख्यांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, ते साहेबाने पाहिल्यावर पुस्तकात गेले, आणि गेले तेही साहेबाच्या नावाने! या गवताच्या नशिबी नाव हरवणे पुढेही कसे आले, ते आता पाहू.

खानदेशात या गवताचे तेल काढायची जुनी रीत होती. पिंपळनेर हे तिचे मूळचे ठिकाण; पुढे नंदुरबारकडेही भट्ट्या लागल्या. १९ व्या शतकातल्या नोंदींत ही रीत मोठ्या बारकाईने लिहून ठेवली आहे. वाहत्या ओढ्याच्या काठी जागा पाहायची. चूल मांडून तिच्यावर मोठी लोखंडी कढई ठेवायची, तीत पाणी आणि गवत भरायचे. वर झाकण ठेवून त्याची फट उडदाच्या पिठाने लिंपून बंद करायची. झाकणाला एक भोक, त्या भोकात सुतळी गुंडाळलेला पोकळ बांबू. बांबूचे दुसरे टोक दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडे ओढ्याच्या गार पाण्यात बुडवून ठेवलेले. खाली जाळ लागला की वाफ बांबूतून दुसऱ्या भांड्यात जाते, थंडाव्याने तिचे पाणी होते आणि त्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तो पळीने काढून घ्यायचा. झाले रोशेल तयार! बांबू, सुतळी, उडदाचे पीठ आणि ओढा. सगळा कारखाना गावच्या सामानातून उभा राहिलेला.

शाळेतल्या मुलांनी इथे एक शंका काढावी. ती शंका अशी: या तेलातला मुख्य पदार्थ उकळायला सुमारे २३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. कढईतले पाणी तर १०० अंशांवर उकळते. मग १०० अंशांत हे तेल वाफ होऊन वर येते कसे?

गंमत इथेच आहे. द्रव उकळतो म्हणजे त्याच्या वाफेचा जोर वरच्या हवेच्या दाबाइतका होतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून तापवल्यावर प्रत्येकाची वाफ आपापला जोर लावते. चढावर अडलेली गाडी थोरला बैल बहुतेक एकट्याने ओढतो. बरोबरच्या लहान गोऱ्ह्याचा जोर थोडा, पण त्या दोघांचा मिळून चढ पार होतो. तसेच इथे. पाण्याच्या वाफेचा जोर मोठा, तेलाच्या वाफेचा थोडा. दोघांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, आणि तेही १०० अंशांच्या किंचित आधीच. पाण्याच्या सोबतीने तेलही थोडे थोडे बाहेर पडते. त्यामुळे ते करपत नाही, त्याचा वास बिघडत नाही. फुलापानांतले नाजूक तेल जाळाच्या तोंडून वाचवायची ही युक्ती माणसाला रसायनशास्त्र कळण्याच्या कितीतरी आधीच साधली होती.

गुलाबाचे अत्तरही याच युक्तीने निघते. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करीत असताना गरम गुलाबपाणी ओतलेल्या भांड्यांवर तिला साय धरलेली दिसली. ती तिने थोडी थोडी गोळा केली. तिचा वास इतका अपूर्व, की बादशहाने खूश होऊन तिला मोत्यांची माळ दिली आणि त्या अत्तराला जहांगिरी अत्तर असे नाव पडले. ही १७ व्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. आपल्या ओढ्याकाठच्या तवंगाची आणि त्या शाही सायीची जात एकच.

फरक पडतो तो उताऱ्यात. शंभर किलो ताज्या रोशातून साधारण पाव ते अर्धा किलो तेल निघते. शंभर किलो गुलाबफुलांतून मिळते जेमतेम दोन-तीन तोळे! एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात, आणि तीही हाताने, पहाटे, ऊन चढण्याच्या आत खुडलेली. मग हे तेल सोन्यासारखे महाग असले तर नवल काय? आणि वस्तू सोन्यासारखी महाग झाली, की तिच्यात पितळ मिसळणारा आलाच.

आता वाट दूर जाते. खानदेशात काढलेले तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांवर लादत. काही माल कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला जाई, काही धुळे आणि मनमाडवरून मुंबईला. मुंबईहून तो जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून पुढे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोचे. तिथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. युरोपच्या व्यापाऱ्यांनी त्याला आणखी एक नाव दिले, 'तुर्की जिरॅनियम तेल'. ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते! बुधला तोच, तेल तेच, पण खानदेशचे नाव घाटाखालीच राहिले.

हे तेल कशासाठी हवे होते? बल्गेरियात कझानलूकच्या खोऱ्यात गुलाबाची मोठी शेती आहे. पूर्वी हा मुलूख तुर्की साम्राज्यात होता. तिथले गुलाबतेल जगात नावाजलेले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये रोशेल लिंबाच्या रसाच्या पाण्याशी घुसळून उन्हात ठेवीत. त्याने रंग फिका होई, वासाचा उग्रपणा कमी होई. मग ते गुलाबाच्या खोऱ्यात जाई, आणि भट्टीत घालण्याआधी पाकळ्यांवर शिंपडले जाई. पाकळ्यांबरोबर तेही उकळे, तेही वाफ होई, आणि गुलाबतेलाबरोबर तेही बाटलीत उतरे. नाकाला फरक कळणे कठीण. चौथ्या ठिकाणी पोचता पोचता आपल्या गवताला नावच उरले नाही. ते गुलाब झाले.

घेणारेही काही खुळे नव्हते. त्यांच्याजवळ एक साधी कसोटी होती. खऱ्या गुलाबतेलात वास नसलेले मेणासारखे पदार्थ असतात. त्यांच्यामुळे ते तेल थोडेसे गार झाले, सुमारे २० अंशांच्या आसपास आले, की त्यात सुयांसारखे स्फटिक धरू लागतात. रोशेल असे गोठत नाही. म्हणून व्यापारी बाटली गार पाण्यात धरून बसे आणि सुया केव्हा धरतात ते पाही. सुया उशिरा धरल्या की समजावे, यात पाहुणा शिरला आहे. पण चोर शिपायाच्या एक पाऊल पुढे असतो. भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या डोक्यातून मिळणारे मेण मिसळायला सुरुवात केली, आणि पातळ झालेले तेल पुन्हा वेळेवर गोठू लागले. कसोटी तिथेच लंगडी पडली.

इथे आपण म्हणू, की परदेशातले व्यापारी लबाड आणि आपण साधे! पण तसेही नाही. खुद्द रोशेलमध्ये घासलेट, टर्पेंटाइन, खोबरेल मिसळून पाठवणारेही होते. ती लबाडी ओळखायची रीत सोपी होती. शुद्ध रोशेलचा एक भाग घेऊन त्यात सत्तर टक्के मद्यार्काचे तीन भाग घातले, तर पाण्यासारखे स्वच्छ मिश्रण होते. घासलेट किंवा खोबरेल असेल तर ते गढूळ होते. फसवणुकीला देश नसतो, आणि कसोटीलाही नसतो.

पण या सगळ्या कसोट्या बाहेरबाहेरच्या होत्या. रोशा गुलाबासारखा का वासतो, हा खरा प्रश्न कोणी सोडवला नव्हता. तो सोडवण्याची सुरुवात १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने केली. हिंदुस्थानातून आलेले हे गवताचे तेल त्याने ऊर्ध्वपातनाने निरनिराळ्या भागांत वेगळे केले. त्याला असे आढळले, की यातला मुख्य पदार्थ कॅल्शियम क्लोराइड या कोरड्या क्षाराशी जोडला जाऊन घट्ट होतो. बाकीचे तेल पिळून काढून टाकावे आणि मग त्या घट्ट गोळ्यात पाणी घालावे. क्षार पाण्यात विरघळतो आणि शुद्ध पदार्थ वर तरंगतो. याकोबसेनच्या हाती एक निर्मळ, बिनरंगी, गुलाबाच्या वासाचे द्रव आले. मोतिया रोशाच्या तेलात शंभरातले पाऊणशे ते पंच्याऐंशी भाग हेच द्रव असते.

बाळाचे बारसे झाले. नाव काय ठेवले? बाजारात त्या तेलाला जिरॅनियम तेल म्हणत, म्हणून या द्रवाचे नाव पडले 'जिरॅनिऑल'. खऱ्या जिरॅनियमच्या तेलातही हे द्रव असते, तेव्हा नाव अगदीच खोटे नाही. पण ते ज्या गवतातून प्रथम शुद्ध रूपात हाती आले, त्या रोशाचा उल्लेख त्यात नाही. व्यापाऱ्यांची एक चूक शास्त्राच्या पुस्तकात कायमची जाऊन बसली.

पुढे १८९० च्या दशकात जर्मनीत गुलाबतेलाचे पृथक्करण जोरात सुरू झाले. गुलाबाचे 'खरे' द्रव कोणते, यावर रसायनज्ञांत बरीच वादावादी झाली. एकाच द्रवाला तीन-तीन नावे दिली गेली. अखेर निष्पन्न झाले ते असे: गुलाबतेलाचा मोठा भाग दोन द्रवांचा असतो. एक सिट्रोनेलॉल आणि दुसरे आपले जिरॅनिऑल! बल्गेरियातल्या पाकळीत जे आहे, तेच खानदेशच्या पात्यात आहे. दहा अणू कार्बनचे, अठरा हायड्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचा, अशी या रेणूची घडण. अणूंची जुळणीही तीच. गुलाबाच्या जिरॅनिऑलवर 'मी गुलाबाचा' असा शिक्का नसतो. मग पाकळ्यांवर शिंपडलेले रोशेल नाकाला कळणार कसे? नाक खोटे बोलत नव्हते. त्याला जो रेणू भेटला, तो खरोखर गुलाबातही होता.

याच रेणूची आणखी एक करामत सांगतो. १८९० च्या सुमारास सेमलर या रसायनज्ञाने दाखवले, की जिरॅनिऑलमधले हायड्रोजनचे दोनच अणू काढून घेतले, तर त्याचे सिट्रल होते. सिट्रल म्हणजे काय? आपल्या परसातला गवती चहा! चहात दोन पाती टाकली की जो लिंबासारखा वास दरवळतो, तो सिट्रलचा. एवढ्या मोठ्या रेणूतले दोन अणू गेले आणि गुलाबाचे लिंबू झाले. रोशा आणि गवती चहा ही एकाच कुळातली सख्खी भावंडे. त्यांच्या वासांत अंतर अवघ्या दोन अणूंचे. पुढे १८९३ मध्ये टीमान आणि क्रूगर यांनी सिट्रलपासूनच व्हायोलेट फुलाच्या वासाचे द्रव्य बनवले, त्याचे नाव आयोनोन. साबणापासून अत्तरापर्यंत त्याचा जगभर प्रसार झाला आणि त्यासाठी मलबारच्या गवती तेलाला मोठी मागणी आली. फूल युरोपचे, वास बाटलीतला आणि मूळ आपल्या गवतात!

आता कोणी म्हणेल, "रोशा आणि गुलाब एकच, तर मग हजारो किलो फुले खुडण्याचा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर मिळायला आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९५२ मध्ये इंग्लंडात जेम्स आणि मार्टिन या दोघांनी वायूच्या प्रवाहात मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याची रीत काढली. (हे मार्टिन निराळे, गवताच्या मार्टिनांशी यांचे नाते नाही.) लांबलचक नळीतून तेलाची वाफ सोडली, की त्यातले घटक शर्यतीतल्या धावपटूंसारखे पुढेमागे होऊन एकेक करून बाहेर पडतात. या रीतीने गुलाबतेल तपासले, तेव्हा त्यात तीनशेहून अधिक घटक सापडले. १९७० मध्ये जिनिव्हाच्या रसायनज्ञांनी त्यांतला एक प्रसिद्ध केला, दमास्केनोन. तेलाच्या हजार भागांत याचा एखाददुसराच भाग. पण अब्जभर पाण्यात एका भागाहून कमी असला तरी नाकाला त्याची चाहूल लागते! आमटीत हिंग किती घालतो? चिमूटभर. पण ती नसली की आमटी आमटी राहत नाही. गुलाबाचे गुलाबपण अशा चिमटीत आहे. रोशात जिरॅनिऑल भरपूर. गुलाबाची ही चिमूट मात्र त्यात नाही.

या ज्ञानाने भेसळही उघडी पडली. खऱ्या गुलाबतेलात जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल यांचे एक ठरावीक प्रमाण असते. रोशेल मिसळले की जिरॅनिऑलचा भाग फुगतो आणि यंत्राच्या कागदावर तो लगेच दिसतो. कारखान्यात बनवलेले सिट्रोनेलॉल मिसळले, तर निराळी खूण सापडते. हा रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखा दोन रूपांत असू शकतो. गुलाब त्याचे जवळजवळ केवळ डावेच रूप बनवतो. कारखान्यात सहसा दोन्ही रूपे सारखी तयार होतात. म्हणजे जे नाकाला पकडता आले नाही, देवमाशाच्या मेणाने जे झाकले गेले, ते शेवटी रेणूनेच सांगितले.

वाचकहो, मला या गोष्टीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे. रोशा गवताने कोणाला फसवले नाही. त्याने आपला रेणू प्रामाणिकपणे बनवला. फसवणूक झाली ती त्याचे नाव लपवून. घाटात एक नाव गेले, बंदरात दुसरे आले, बाटलीत तर नावच उरले नाही, आणि प्रत्येक नावबदलाबरोबर मोल वाढत गेले; पण ते वाढलेले मोल ओढ्याकाठच्या भट्टीवाल्याकडे परत आले नाही. आपल्या बुधल्यात काय आहे, ते कुठे जाते आणि कशासाठी जाते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्याला आपल्या मालाचे गुण कळत नाहीत, त्याच्या मालाला नाव दुसरा देतो आणि भावही दुसराच ठरवतो. आज रोशाचे तेल 'पामारोझा' या नावाने उजळ माथ्याने विकले जाते, साबणात आणि सुगंधी द्रव्यांत आपल्याच गुणांवर वापरले जाते. त्याला हा मान मिळाला तो त्याच्यातला रेणू ओळखल्यामुळे.

जाता जाता गुरुजींना एक विनंती. रोशा सगळीकडे मिळणार नाही, पण गवती चहा मिळेल. किटलीत पाणी आणि मूठभर पाती घालून चुलीवर ठेवा. किटलीच्या तोंडासमोर गार पाणी भरलेले पितळी भांडे चिमट्याने तिरपे धरा आणि त्यावरून ओघळणारे थेंब वाटीत घ्या. वाफेपासून मुलांचे हात मात्र जपा. मग वाटीतले स्वच्छ पाणी एकेकाला हुंगायला द्या. पाती किटलीत राहिली, मग वास वाटीत कसा आला, हे त्यांना विचारा. उत्तर लगेच सांगू नका. त्यांना थोडा विचार करू द्या. पिंपळनेरच्या ओढ्याकाठी जे चालले होते आणि जर्मनीच्या प्रयोगशाळेत जे चालले होते, त्या दोन्हींची सुरुवात या एका प्रश्नापासूनच होते.